बावीस झोपलेले, एक जागा

गेल्या मार्चमध्ये, हळदीचा सीझन ऐन भरात असताना, काकांनी कच्ची वही चुकून मागच्या बाजूनं उघडली. आमच्या अडत दुकानात ही वही पुढून दुकानाची आणि मागून माझी असते. हा करार अर्थात मी एकट्यानंच केलेला. मागच्या पानावर माझ्या अक्षरात होतं:

जागल्या १ × १२० × ४० = ४,८००
झोपलेले २२ × ६ × ४० = ५,२८०
एकूण १०,०८०. शिल्लक १२०.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे जागल्या कुठली पार्टी? आणि झोपलेले म्हंजे काय, बुडीत खाती?"

"नाही काका, हवा आहे ती. लिटरमध्ये."

"हवा." समोर तिघं शेतकरी पट्टीसाठी थांबलेले होते, त्यांनीही माझ्याकडं बघितलं. "हवेचा व्यापार हळद उतरल्यावर कर," म्हणाले आणि वही सुलटी करून माझ्यापुढं ढकलली.

तर ही त्या हवेची हकीकत.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात काकांच्या दुकानी दिवाणजी आहे. बी.एस्सी. फिजिक्स केलं, पुढं काही जमलं नाही, आणि हिशेब मात्र जमतो. रविवारी संध्याकाळी गावभागातल्या आमच्या घराच्या माडीवर पाचजण जमतो आणि खेळतो. खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, बोलायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. असला खेळ पहिल्यांदा छापून विकायला आला अमेरिकेत, १९७४ साली. पण सांगलीकराला तो समजवायला मला कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्याच गावात पहिलं नाटक केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं भाषणं जागच्या जागी रचायची. मी तो सूत्रधार. फरक एवढाच, की माझी पात्रं भडंग खात खात बोलतात आणि सूत्रधाराचं ऐकत नाहीत.

पात्रं सांगतो. मामेभाऊ, पुण्याच्या कंपनीचा पगार घेऊन विश्रामबागेत घरी बसून काम करणारा. माझी बायको, मिरजेला एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला असते. मिरजेचाच एक मित्र, ज्याच्या घरात तंबोरे-सतारी बनतात. शेजारची बारावीतली मुलगी, जी अभ्यासाला म्हणून येते. आणि झोपाळ्यावर आत्या. आत्या खेळत नाही. आत्या ऐकते, हे त्याहून अवघड प्रकरण आहे.

मागच्या वर्षी मला परग्रहावरचा खेळ मांडायचा होता. माणसं यानातून एका ग्रहावर उतरतात आणि तिथं बुद्धिमान जमात असते, एवढं ठरलेलं. जमात बनवायला घेतली आणि पहिल्या फटक्यात उंच, निळसर, शांत, हजारो वर्षांचं ज्ञान बाळगणारे लोक तयार केले. ते "हे मानवा" असं बोलायचे. दहा मिनिटांत मामेभाऊ म्हणाला, "हे तर कीर्तनकार आहेत की रे. निळा रंग लावलेले." मग मी शूर, रागीट, सतत लढणारी जमात केली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "त्यांच्यात भित्रं कुणीच नाही? एक पण?"

तिचा प्रश्न मला आठवडाभर पुरला. आपण परग्रहवासी बनवताना एका ग्रहाला एक स्वभाव देऊन मोकळे होतो. अख्खा ग्रह शूर, अख्खा ग्रह व्यापारी, अख्खा ग्रह साधू. इथं सांगली आणि मिरजेत आठ-दहा किलोमीटरचं अंतर, १९९८ पासून महापालिकाही एक, आणि तरी भडंग कुठली खरी यावर एकमत नाही. मग लाखो मैलांवरच्या कोट्यवधी जीवांचं सगळ्याच बाबतीत एकमत कसं होईल? मी वहीत लिहून ठेवलं: कोणत्याही प्रश्नावर यांची किमान तीन मतं पाहिजेत, आणि तिसरं मत वैतागलेलं पाहिजे.

त्याच्या उलट टोकालाही जाऊन आलो. सगळ्यांचं मिळून एकच मन, मुंग्यांच्या वारुळासारखं. ऐकायला भारी वाटतं. खेळायला घेतलं तर कुणाशी बोलायचं हेच कळेना. भांडण नाही, चोरी नाही, उधारी नाही. मग गोष्ट कशाची?

नंतर काही दिवस ऑक्टोपसच्या नादी लागलो. त्याच्या अंगात सुमारे पन्नास कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश हातांमध्ये. म्हणजे हात स्वतःपुरता विचार करतो. एवढा हुशार प्राणी शहरं का बांधत नाही? पाण्याखाली विस्तव पेटत नाही, म्हणून धातू नाही, हे एक झालं. मला त्याहून मोठं वाटलेलं कारण दुसरंच आहे. मादी अंडी राखते आणि पिल्लं फुटायच्या सुमाराला मरून जाते. आईनं काय शिकलं ते पिल्लाला सांगायला कुणी उरत नाही. प्रत्येक पिढी ओनाम्यापासून सुरू. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं तर झोपाळ्यावरून आवाज आला, "म्हंजे आजी पाहिजे." आत्याचं पहिलं वाक्य. तेव्हा मी हसलो होतो.

खरी जमात सापडली हरिपुरात, आणि ती तिथं माझ्या लहानपणापासून बसलेली होती.

सांगलीबाहेरच्या कुणी हे वाचत असेल तर सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी हरिपूर आहे आणि तिथल्या घट्ट मातीत हळद साठवायची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. आत पाला घालून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा जात नाही त्यामुळं कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं राहते. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि बरीचशी पेवं कामातनं गेली. पुढं गोदामं आली, कोल्ड स्टोरेज आलं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी मला एक पेव उघडताना बघायला नेलं होतं. तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली, आणि सगळे लांब झाले. वास आला तो अजून आठवतो, हळदीचा आणि बंद घराचा मिळून. मग आजोबांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. मी पोटावर पडून बघत होतो, एका हमालानं माझी चड्डी मागनं धरलेली. कंदील खाली चालला. ज्योत आधी पिवळी, मग बारीक, मग निळसर ठिपका, आणि गेली. आजोबांनी दोरी वर ओढली, काच पुसली, म्हणाले, "अजून पोट मोकळं झालं नाही. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत राहिला तेव्हा माणूस उतरला.

ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझते, हवेतला एकवीस टक्क्यांचा सोळाच्या आसपास आला की बस्स. हे मला पुढं कॉलेजात कळलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की आत कुणीतरी बसलंय आणि त्यानं फुंकर मारली.

तो फुंकर मारणारा मी पंचवीस-सव्वीस वर्षांनी वहीत आणला.

ग्रह असा केला. वर्षातून एकदा, चाळीस दिवस, डोंगरांतल्या ज्वालामुखी तळ्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सखल भागात पसरतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, पाण्यासारखा उतार धरतो. हे मनचं नाही. २१ ऑगस्ट १९८६ ला कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून असाच ढग सुटला आणि दऱ्यादऱ्यांतून जाऊन रात्रीत सुमारे सतराशे माणसं मेली. माझ्या ग्रहावर हे दरसाल होतं. म्हणून तिथली जमात जमिनीखाली गोल पेवं करून राहते, वायू चढायला लागला की तोंड आतून लिंपून घेते आणि उतरेपर्यंत आत बसते. अंगानं शेळीएवढे. डोळे अधू, पोटाची कातडी जमिनीला टेकलेली, आणि बोलणं म्हणजे हनुवटी भिंतीवर आपटून ठेका देणं. पृथ्वीवरचे आंधळे बीळ-उंदीरही बिळाच्या छताला डोकं आपटून शेजाऱ्याशी बोलतात. शरीराचं वर्णन मी इथंच थांबवलं. पूर्वी मी शिंगं किती आणि शेपटीला फाटे किती यात वह्या भरायचो, आणि खेळताना त्यातलं कुणाच्या काही लक्षात राहायचं नाही.

पेवात शिरल्यावर दिवाणजी जागा झाला. तोंड बंद, म्हणजे आतली हवा ठरलेली. किती पुरेल?

वीस फूट रुंद, वीस फूट खोल गोल खड्डा धरला तर साधारण १७० घनमीटर, म्हणजे एक लाख सत्तर हजार लिटर हवा. त्यातला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून पंधरावर येईपर्यंत वापरता येतो असं धरलं, तर हाताशी १०,२०० लिटर. माणूस नुसता बसून दिवसाला साडेतीनशे-तीनशेसाठ लिटर ऑक्सिजन खातो. हे शेळीएवढे, म्हणून १२० दिले. चाळीस दिवसांचे एका जीवाचे ४,८००. दोन जीवांत पेव रिकामं! असल्या जमातीचं गाव कसलं, जोडपंसुद्धा मुश्किलीनं.

मग झोप आणली. अस्वल हिवाळ्यात झोपतं तेव्हा त्याचा खर्च चौथाईवर येतो, हे अलास्कातल्या काळ्या अस्वलांवर मोजून २०११ साली छापून आलंय. खारीच्या जातीतले काही प्राणी तर त्याहून कितीतरी खाली जातात. मी माझ्या लोकांना विसावा हिस्सा दिला. झोपलेल्याला दिवसाचे ६ लिटर. आता मांडा: एक जागा आणि बावीस झोपलेले, १०,०८०. किंवा दोन जागे आणि दोन झोपलेले. तेवढेच, १०,०८०.

हा आकडा आला तेव्हा मी दुकानात होतो आणि बाहेर सौदे चालू होते. मी पेन खाली ठेवलं. दुसरा जागा माणूस पाहिजे असेल तर एकोणीस जण पेवाबाहेर. वायूत. मी ठरवलेलं काहीच नव्हतं, नुसता गुणाकार केला होता, आणि त्यातनं एक अख्खं राजकारण पडलं.

एकानं जागं राहायलाच हवं. लिंपणाला भेग पडली तर बुजवायला, बाहेर वायू किती चढला हे बघायला. त्याला मी जागल्या म्हटलं. आपल्याकडं गावाची राखण करणाऱ्याला म्हणायचे तोच शब्द. चाळीस दिवस अंधारात एकटा, आणि भोवती बावीस जण जे त्याच्यावर डोळे मिटून, शब्दशः, विसंबलेले. त्यानं सांगितलं की वायू सत्तावीस फूट चढला होता, तर तो सत्तावीस फूटच चढला होता. त्यानं कुणाची रास उकरून दोन मुठी खाल्ल्या तर कुणाला कळणार? म्हणून पेवापेवाचे कायदे वेगळे. काही पेवांत जागल्या घराण्यातला, काहींत चिठ्ठ्या टाकून, आणि एका पेवात असं मत आहे की जागल्या नकोच, सगळ्यांनी झोपावं आणि जे होईल ते होईल. हे माझं वैतागलेलं तिसरं मत.

मग बाकीच्या गोष्टी ओळीनं यायला लागल्या, मला फारसं काही करावं लागलं नाही. पेवात धावणं ही चोरी. चिडणं ही उधळपट्टी. लग्नात वधूपक्ष काय देतो? झोप. "आमची पाच माणसं तुमच्यासाठी दहा दिवस लवकर झोपतील." सगळ्यात मजा नात्यांत आली. जागं राहणारा लवकर म्हातारा होतो, झोपणारा मागं राहतो. त्यामुळं आठ-दहा हंगाम जागल्याचं काम केलेला धाकटा भाऊ थोरल्या बहिणीपेक्षा थकलेला असतो. मग तिनं त्याला काय म्हणायचं? मी दोन वेगळे शब्द केले, "आधीची" आणि "जुना". आधीची ताई जुन्या भावाच्या पाया पडते. मामेभाऊ म्हणाला, "आमच्या कंपनीत नाइट शिफ्टवाले असेच दिसतात."

खेळायच्या आधी मी सगळं त्यांच्यापुढं मांडलं, आणि फाडाफाड सुरू झाली. बायको म्हणाली, "ऑक्सिजन संपायच्या आधी कार्बन डायऑक्साइडनंच मरतील की ते. श्वास सोडलेला जातो कुठं?" बरोबर होतं. आफ्रिकेतल्या बिनकेसाच्या बीळ-उंदरानं मला वाचवलं. तो दाटीवाटीच्या बिळात एवढा कोंडलेला राहतो की कार्बन डायऑक्साइडचं त्याला फारसं वाटत नाही, आणि ऑक्सिजन शून्य केला तरी अठरा मिनिटं तग धरतो, फळातल्या साखरेवर शरीर चालवून. २०१७ सालचं संशोधन आहे. बायकोनं सबुरीनं मान्य केलं.

मामेभाऊ म्हणाला, "पण हे लोक टेकडीवर का राहायला जात नाहीत? वायू जड आहे ना?"

यावर मी काही बोलायच्या आत मित्र म्हणाला, "तू का राहत नाहीस?"

सगळे गप्प. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आम्ही ज्या माडीवर बसलो होतो तिच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर अजून रेघ आहे. आम्ही चिखल काढला आणि त्याच घरात परत राहायला आलो. २०२१ ला परत पिशव्या भरल्या. माती तिथं आहे, दुकान तिथं आहे, आणि पावसाळ्यात सकाळी उठून पहिला प्रश्न "किती फूट?" हा असतो. माझ्या जमातीलाही तळातच पिकतं, कारण वायूनं झाडं फोफावतात. आपल्याकडं हरितगृहात मुद्दाम सोडतात तो. पेवात जाग आल्यावर त्यांचा नमस्कारही मी तोच केला: "किती फूट?"

आता बासरी. हे या सगळ्यातलं माझं लाडकं, म्हणून थोडं लांबेल.

जागल्याला हवा मोजायला काय आहे? कंदील लावता येत नाही, तो हवाच खातो. मी मित्राला विचारलं, कारण त्याच्या बापजाद्यांनी कान लावण्यातच आयुष्यं काढलीयत. त्याच्या कारखान्यात मी बसलो होतो, पुढ्यात पंढरपूरकडनं आलेले वाळके भोपळे, तो कानशीनं घोडी घासून जवारी काढत होता. मी म्हटलं, कार्बन डायऑक्साइडमध्ये आवाज सावकाश जातो, हवेत सेकंदाला ३४३ मीटर तर त्यात २७० च्या आतबाहेर. तो कानस थांबवून म्हणाला, "मग बासरी उतरेल."

"आणि तंबोरा?"

"तंबोऱ्याला काय होतंय. तार ती तारच."

दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. बासरीचा सूर आतल्या हवेवर ठरतो, तारेचा सूर ताणावर. म्हणजे पेव लिंपताना तार आणि बासरी एका सुरात लावून ठेवायची. हवा बिघडत जाईल तशी बासरी उतरत जाईल, तार तिथंच राहील. पूर्ण वायूत बासरीचा सा तब्बल चार स्वर-घरं खाली येतो, मंद्रातल्या कोमल धैवतावर. पण पेवात तेवढं होऊ द्यायचं नाही. सहा टक्के हवा बदलली की सूर उतरतो फक्त दीड टक्का किंवा त्याहून किंचित जास्त. मित्रानं डोळे मिटून अंदाज केला, "एक श्रुती. सव्वा म्हण." म्हणजे जागल्याचा कान एका श्रुतीचा फरक ओळखणारा पाहिजे, नाहीतर बावीस जण गेले. श्रुतीही बावीसच मानतात, हा योगायोग मी खेळात वापरला नाही, फार गोड झाला असता.

मग त्यानंच खोड काढली. तोंडानं फुंकली तर बासरीत उच्छ्वासच जाणार, त्यात आधीच चार टक्के कार्बन डायऑक्साइड. बासरी खोटं बोलणार. म्हणून भाता लावला. गरम हवेनं सूर चढतो ही दुसरी भानगड आहे, ती मी सोडून दिली. पेव थंड आहे, संपलं.

आता आत्या. ती इतके दिवस ऐकत होती. एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "चाळीस दिवस आत. मग परसाकडं कुठं जातात?"

मी अस्वलाचा दाखला दिला, की झोपलेलं अस्वल महिनोन्महिने जात नाही.

"आणि बाळंतपण?"

"अस्वलीण हिवाळी झोपेतच विते."

"नशीबवान बाई," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "म्हाताऱ्यांचं काय करतात?"

मी तयारीतच होतो. मला वाटत होतं हा माझा हुकमाचा एक्का. म्हटलं, फार म्हातारे झाले की झोप लागत नाही, खर्च वाढतो, म्हणून तोंड लिंपायच्या आधी ते आपणहून बाहेर जाऊन बसतात. गाणी म्हणत. शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

आत्यानं टरफल सुपात टाकलं. "हे तरण्या माणसानं लिवलेलं दिसतंय. सगळे म्हातारे कसे हसत मरायला तयार."

माझं तोंड बंद झालं. आत्या एकोणसत्तर वर्षांची आहे, दोन गुडघे गेलेत, आणि २०१९ ला तिला बोटीत घालताना तिनं दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून ठेवला होता. मी ते पान फाडलं. नव्या पानावर म्हातारे बाहेर जात नाहीत. ते झोपेचं सोंग घेतात. जागल्याला ठेका ऐकू येतो, कोण खरं झोपलंय ते समजतं, आणि तो काही बोलत नाही. स्वतःच्या वाट्यातून कमी श्वास घेतो आणि वहीत बरोबर आकडा मांडतो. काही जागल्ये बोलतात. त्यांच्या पेवांत खटले चालतात. आजी पाहिजे ही अट आत्यानंच घातली होती, आणि आजीला हवा लागते.

खेळ झाला तो सगळा माझ्या चौदा पानांच्या बाहेर झाला. यानातली माणसं ग्रहावर उतरली ती नेमकी एकतिसाव्या दिवशी, अंगावर बंद पोशाख, जमिनीवर अकरा फूट वायू. त्यांनी यंत्रानं खाली बघितलं. बावीस जण रांगेत निपचित पडलेले, एक जण भोवती फिरतोय. मामेभाऊ म्हणाला, "कैदी आहेत." कुणी हरकत घेतली नाही. खालून जागल्या भिंतीवर हनुवटी आपटत होता. मी टेबलावर ठेका वाजवला, तोच पुनःपुन्हा. अर्थ लावायला त्यांनी फासा टाकला, तीन पडला. त्यांनी पेवाचं तोंड फोडलं.

वायू पाण्यासारखा उतार धरतो, हे मी त्यांना दोन महिने सांगत होतो.

शेजारच्या मुलीला आधी समजलं. मग बायकोला. मामेभाऊ विचारत राहिला, "आता टाकू का फासा? वाचवायला टाकतो ना." मी नाही म्हटलं. जागल्याला त्यांनी जास्तीचा पोशाख चढवला, तेवढा एक वाचला. त्या रविवारी भडंग तशीच राहिली आणि नऊच्या आतच सगळे उठले.

मला वाटलं खेळ संपला. बुधवारी मामेभावाचा फोन, दुकानात गर्दी असताना. "यानवाले नकोत आता. आम्ही त्यांच्यातलेच होतो. पेवात." तेव्हापासून तसं खेळतोय, दुसरा हंगाम चालू आहे. हवेसाठी फासा बंद केला. मोबाइलवर तंबोरा लावायचा, मित्र बासरी वाजवतो आणि मनात येईल तेव्हा ओठांशी किंचित वळवून ती उतरवतो. जागल्या झालेल्यानं कानानं ओळखायचं. मामेभाऊ कधी ओळखत नाही. काका अधूनमधून विचारतात, "हवा किती शिल्लक?" आणि उत्तराची वाट न बघता सौद्याला जातात.

परवाच्या रविवारी पेवात दोघं जागे, मामेभाऊ आणि बायको, आणि दोघं झोपलेले. बाहेर पाऊस, खिडक्या लावलेल्या. अठ्ठाविसावा दिवस. मित्रानं सा धरला.

"ठीक आहे," मामेभाऊ म्हणाला.

बायकोनं मान वाकडी करून ऐकलं. "मला पण ठीक वाटतंय."

"उतरली," झोपाळ्यावरून आत्या म्हणाली.

मित्रानं बासरी खाली घेतली आणि मान हलवली. मामेभावानं थोडा वेळ जिन्याकडं बघितलं. मग हातातलं भडंगाचं ताट बाजूला ठेवलं, सतरंजीवर खरंच आडवा झाला आणि म्हणाला, "मी झोपतो. लिही."

मी मागचं पान उघडून जागल्यांच्या रकान्यातला दोन खोडला.